दोन किनारे : कोंकण आणि चोळमंडल

आपल्या देशास पूर्वेस व पश्चिमेस समुद्र आहे, हें शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक असतें. परंतु या दोन समुद्रांच्या कांठीं राहणाऱ्या शेतकऱ्यांचें जीवन एकमेकांपासून इतकें भिन्न कां, याचा विचार आपण क्वचितच करितों. कोंकणांत वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तरीहि तेथील बहुतेक जमिनींत भाताचें एकच पीक निघतें, आणि वैशाखांत कित्येक वाड्यांस पिण्याच्या पाण्याची ददात पडते. उलट पूर्व किनाऱ्यावरील तंजावर प्रांतीं पाऊस याच्या निम्म्याहूनहि कमी. पण तेथें एकाच शेतांतून भाताचीं दोन पिकें घेण्याची वहिवाट आहे. ज्याच्या पदरीं पाऊस अधिक त्याच्या पदरीं पीक कमी, हा प्रकार वरवर पाहतां चमत्कारिक वाटतो. त्याचीं कारणें भूमीच्या उतारांत, पावसाच्या वेळेंत आणि मनुष्याच्या उद्योगांत आहेत. तीं समजून घेतल्यास दोन्ही किनाऱ्यांस, तसेंच दोहोंच्या मध्यें राहणाऱ्या देशावरील शेतकऱ्यासहि, बोध घेण्यासारखें पुष्कळ आहे. म्हणून हा विषय येथें थोडक्यांत मांडीत आहों.

भूमीचा उतार

दक्षिण हिंदुस्थानची भूमि पश्चिमेकडे उंच व पूर्वेकडे उतरती आहे. सह्याद्रीची रांग पश्चिम समुद्रास अगदीं जवळ असून तिच्या माथ्यावर पडलेलें पुष्कळसें पाणी समोर दिसणारा समुद्र सोडून पाठीमागच्या दूरच्या समुद्राकडे जातें. त्र्यंबकेश्वर पश्चिम समुद्रापासून सुमारें ऐंशी किलोमीटरांवर आहे. परंतु तेथें उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. महाबळेश्वराचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथील एकाच देवळांत पांच नद्यांचें उगमस्थान मानितात. त्यांपैकीं कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारें चौदाशें किलोमीटर प्रवास करिते. सावित्री पश्चिमेकडे उडी घेते आणि शंभर-सव्वाशें किलोमीटरांच्या आंत बाणकोटच्या खाडींतून समुद्रास मिळते.

या एका भेदांत दोन किनाऱ्यांच्या शेतीचें सारें बीज आहे. जी नदी लांब व संथ चालते ती वाटेंतील माती सोबत घेऊन जाते आणि समुद्राशीं पोंचल्यावर तेथें टाकते. अशा गाळानें हजारों वर्षांत गोदावरी, कृष्णा, कावेरी व महानदी यांच्या मुखांशीं विस्तीर्ण सपाट त्रिभुज प्रदेश तयार झाले. जी नदी आखूड व उताराची, तिला गाळ सांचविण्यास अवकाशच मिळत नाहीं. तिचें मुख भरती-ओहोटीच्या खाडीचें राहतें. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, कर्ली या सर्वांची स्थिति हीच आहे. म्हणजे कोंकणाचा व देशाचा डोंगर झिजून जी सुपीक माती झाली, तिचा मोठा वाटा पूर्व किनाऱ्याच्या शेतकऱ्यास मिळाला; कोंकणच्या शेतकऱ्यास जांभा दगड, त्यावरील पातळ लाल माती आणि डोंगरांच्या बेचक्यांतील चिंचोळीं खाचरें एवढेंच उरलें.

पावसाची वेळ

पश्चिम किनाऱ्याचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. जूनच्या पहिल्या दिवसांत तो केरळांत उतरतो, दहा-अकरा तारखेच्या सुमारास मुंबईपर्यंत येतो, आणि सप्टेंबर संपतांच जवळजवळ थांबतो. वर्षाचें सारें दान चार महिन्यांत पदरांत पडतें व पुढील आठ महिने आकाश कोरडें असतें. रत्नागिरीस या अवधींत एकशेंवीस इंच, म्हणजे तीन हजार मिलिमीटर, पाऊस पडणें नेहमींचेंच आहे. घाटमाथ्यावरील आंबोलीस याच्या दुपटीहून अधिक पडतो.

या वाऱ्यांतील बाष्प सह्याद्रीवर रितें होत असल्यामुळें तमिळ किनाऱ्यास त्यांपासून थोडकेंच मिळतें. तेथील मुख्य पाऊस ईशान्येचा. आक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो सुरू होतो व डिसेंबरपर्यंत चालतो. चेन्नईस वर्षांत जो सुमारें चौदाशें मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग या तीन महिन्यांतला असतो. आपल्याकडे दिवाळींत खळीं भरतात, त्या वेळीं तिकडे मोठ्या पिकाची लावणी नुकतीच आटोपत असते. उत्तरेकडे आंध्र व ओढ्या प्रांतांत मात्र नैर्ऋत्येचा पाऊसच प्रधान आहे, हें ध्यानांत ठेवावें. संबंध पूर्व किनारा एकाच मापानें मोजतां येत नाहीं.

कोळी लोकांच्या व्यवहारांतहि हाच भेद दिसतो. यांत्रिक नौकांस मासेमारीची जी सरकारी बंदी असते, ती पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी आहे.

भाताच्या दोन रीति

कोंकणचा शेतकरी मृगापूर्वीं पाला, फांद्या, शेण व गवत जमिनीवर पसरून राब भाजतो, त्यांत रोपें वाढवितो आणि आषाढांत खाचरांत आवण लावितो. राबासाठीं लागणारा पालापाचोळा वरकस जमिनींतून येतो. तिच्यावरच नाचणी व वरी पिकतात. दिवाळीच्या आगेंमागें भात कापून झालें कीं बहुतेक खाचरें ओस पडतात. जेथें ओल टिकते तेथें वाल, पावटा, कुळीथ घेतात. अलिबागेकडे पांढरा कांदा लावितात. सिंधुदुर्गांत व गोव्यांत पाटाच्या पाण्यावर वायंगण भात करितात. परंतु एकंदर क्षेत्राच्या मानानें हें प्रमाण अल्प आहे. भातानें जें साधत नाहीं तें कोंकणी मनुष्य आंबा, काजू, नारळ व सुपारी यांवर साधूं पाहतो.

कावेरीच्या मुखप्रदेशांत भाताचे तीन हंगाम प्रसिद्ध आहेत. जूनमध्यें नदीला पाणी आलें म्हणजे कमी मुदतीचें ‘कुरुवै’ पेरितात आणि तें सप्टेंबर-आक्टोबरांत कापितात. त्याच शेतांत पुढें ‘ताळडि’ लावून फेब्रुवारीच्या सुमारास दुसरें पीक घेतात. ज्यांस एकच पीक घ्यावयाचें ते आगस्टापासून जानेवारीपर्यंत चालणारें लांब मुदतीचें ‘सांबा’ लावितात. संक्रांतीच्या वेळचा पोंगल हा नव्या तांदळाचा सण आहे. पहिलें पीक नदीच्या पाण्यावर उभें राहतें आणि दुसऱ्यास ईशान्येचा पाऊस हात देतो. स्वतःच्या आकाशांतून थोडेंच मिळत असतांहि दोन पिकें साधतात तीं या जोडणीमुळें.

पाणी अडविण्याचा उद्योग

गाळाची जमीन निसर्गानें दिली खरी. परंतु तिच्यावर पाणी खेळविण्याचें काम मनुष्यानें केलें. त्रिचनापल्लीजवळ कावेरीवर ‘कल्लणै’ नांवाचा सुमारें हजार फूट लांबीचा दगडी बांध आहे. तो करिकाल चोळ राजानें सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं घातला असें परंपरा सांगते. नदीच्या खोल वाळूंत दगड रुतवून त्यावर बांधकाम कसें उभें करावें, ही विद्या आपण येथूनच शिकलों, असें सर आर्थर कॉटन या इंग्रज स्थापत्यकारानें मोकळ्या मनानें लिहून ठेविलें आहे. त्या विद्येचा उपयोग त्यानें गोदावरीवर केला. १८३२-३३ च्या दुष्काळांत गुंटूर व आसपासच्या प्रांतीं माणसें फार मोठ्या संख्येनें मेलीं, आणि त्याच वेळीं शेजारून गोदावरीचें पाणी समुद्रांत जात होतें. १८४७ ते १८५२ या काळांत कॉटननें राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथें बांध घातला व कालवे खोदले. सुमारें दहा लक्ष एकर जमीन त्यामुळें भिजूं लागली. तेथील शेतकरी आजहि त्याचे पुतळे उभारतात. बेझवाड्याचा कृष्णेवरील बांध १८५५ मध्यें पुरा झाला. १९५७ मध्यें तेथें नवा प्रकाशम बंधारा झाला. कावेरीवरचें मेट्टूर धरण १९३४ मध्यें पूर्ण झालें, आणि पाणी पुरेसें असेल त्या वर्षीं १२ जून रोजीं त्याचे दरवाजे उघडण्याचा परिपाठ पडला.

नद्यांपासून दूर असलेल्या गांवांनीं तळीं बांधलीं. तमिळ प्रांतांत त्यांस ‘एरि’ व तेलुगु प्रांतांत ‘चेरुवु’ म्हणतात. वीराणमचें प्रचंड तळें दहाव्या शतकांतील चोळ राजांच्या काळचें आहे. या तळ्यांचा गाळ काढणें, पाळ दुरुस्त करणें व पाट साफ ठेवणें हें काम गांवानें अंगमेहनतीनें करण्याच्या चालीस ‘कुडिमरामत्तु’ असें नांव होतें. पुढें ती व्यवस्था सरकारकडे गेली, गांवाचें लक्ष उडालें, आणि शेंकडों तळीं गाळानें भरून निकामी झालीं. धनी एकच नसला म्हणजे सामाईक काम कसें बिघडतें, याचें हें मोठें उदाहरण आहे.

समुद्राशीं व्यवहार

पश्चिम किनाऱ्यावर भरतीचें पाणी फार चढतें. मुंबईस मोठ्या उधाणाच्या वेळीं भरती-ओहोटींतील अंतर पंधरा फुटांच्या घरांत जातें. चेन्नईस तें तीन-चार फुटांहून अधिक नसतें. त्यामुळें कोंकणांत खारें पाणी खाड्यांतून कित्येक कोस आंत शिरतें. तें बाहेर ठेवण्यासाठीं ठाणें-कुलाबा भागांतील पूर्वजांनीं खाजणांस मातीचे बांध घातले व ओहोटीस उघडणाऱ्या आणि भरतीस मिटणाऱ्या उघाड्या बसविल्या. पावसाच्या गोड्या पाण्यानें मीठ धुऊन तेथें भात पिकविलें. गोव्यांतील खाजनांत अशाच दारांस ‘मानस’ म्हणतात, आणि खारेपण सोसणारें ‘कोरगुट’ भात तेथें पिढ्यान्‌पिढ्या पेरीत आले आहेत. मुंबई इलाख्यांत १९४८ मध्यें व महाराष्ट्रांत १९७९ मध्यें खार जमिनींसाठीं स्वतंत्र कायदे झाले; पनवेलच्या संशोधन केंद्रानें खाऱ्या जमिनींत टिकणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. तरीहि बांधास एक भगदाड पडलें कीं साऱ्या खाजणाचें पीक एका उधाणांत जातें आणि जमीन पुन्हां वळणावर येण्यास दोन-तीन पावसाळे लागतात, हा अनुभव जुनाच आहे.

पूर्व किनाऱ्याचें भय निराळें. तेथें भरती लहान, पण वादळें मोठीं. बंगालच्या उपसागरांत चार वादळें होतात तेव्हां अरबी समुद्रांत एक होतें, असें साधारण प्रमाण मानितात. सपाट जमिनीवर वाऱ्यानें ढकललेलें समुद्राचें पाणी कित्येक कोस आंत येतें. १८६४ मध्यें मच्छलीपट्टण येथें सुमारें तीस हजार माणसें मेलीं. १९ नोव्हेंबर १९७७ रोजीं कृष्णेच्या मुखाशीं दिवी तालुक्यांत व आसपास सुमारें दहा हजार. २९ आक्टोबर १९९९ रोजीं ओढ्या प्रांतांत पुन्हां तितकींच. त्यानंतर तेथें निवारागृहें बांधलीं गेलीं, सूचना गांवोगांव पोंचूं लागली, आणि २०१३ च्या आक्टोबरांत मोठें वादळ आलें तेव्हां सुमारें दहा लक्ष लोक आधींच हलविल्यामुळें मृत्युसंख्या पन्नासाच्या आंत राहिली. वादळ थांबवितां येत नाहीं, पण माणसें वांचवितां येतात, हें यावरून सिद्ध झालें.

कोंकणानें मात्र वादळांस आपलें संकट मानलेंच नव्हतें. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या बाजूस धडकलें, आणि रायगड जिल्ह्यांतील व दापोली-मंडणगडाकडील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा उन्मळून पडल्या. भाताचें पीक बुडालें तर पुढील वर्षीं पुन्हां पेरितां येतें. सुपारीची बाग गेली म्हणजे सहा-सात वर्षांचें उत्पन्न जातें. दुसऱ्याच वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ आलें. तेव्हां पूर्व किनाऱ्याचा अनुभव यापुढें पश्चिम किनाऱ्यासहि शिकणें प्राप्त आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामी लाटेनें नागपट्टणम भागांतील शेतें खाऱ्या पाण्याखालीं गेलीं. ही जमीन पुष्कळ वर्षांसाठीं गेली, अशी भीति होती. परंतु शेतकऱ्यांनीं वरचा खारट चिखल काढला, जिप्सम घातलें, ढेंचा पेरून गाडला आणि बांध घालून पावसाचें पाणी शेतांत कोंडून पुनःपुन्हां बाहेर सोडलें. २००५ चा पाऊसहि भरपूर झाला. अपेक्षेपेक्षां पुष्कळ लवकर तेथें भात उभें राहिलें. खार फुटलेल्या कोंकणी शेतकऱ्यानें हा उपाय ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

जमीनधारा व माणसें

कोंकणांत खोतीची पद्धति होती. कसणारा एक व वसूल घेणारा दुसरा. अलिबागजवळील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं कुळांनीं १९३३ ते १९३९ जमीन न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ मध्यें खोती नष्ट करण्याचें विधेयक विधिमंडळांत आणिलें. कायदा १९४९ मध्यें झाला. तंजावराकडे पाणी व पीक भरपूर असूनहि जमीन मिरासदारांच्या हातीं आणि राबणारे भूमिहीन मजूर, अशी स्थिति होती. १९६८ च्या डिसेंबरांत कीळवेण्मणि येथें मजुरीच्या तंट्यांतून ४४ माणसें जाळून मारण्यांत आलीं. सुपीक भूमि आपोआप न्याय पिकवीत नाहीं, हें यावरून कळतें. पोटासाठीं माणसें दोन्ही किनाऱ्यांवरून बाहेर पडलीं: कोंकणचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले, चोळमंडलाचे मजूर सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व मलायाच्या मळ्यांत गेले.

तंजावराशीं आपला संबंध जुना आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं १६७६ च्या सुमारास तेथें राज्य स्थापिलें आणि तें १८५५ पर्यंत टिकलें. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे. पूर्व समुद्राच्या कांठीं मराठी माणसानें पावणेदोनशें वर्षें कावेरीच्या भातावर राज्य चालविलें, हें आपल्यांतील फार थोड्यांस ठाऊक असतें.

आजची चिंता

पूर्व किनाऱ्याचें वैभव कायमचें आहे असें समजूं नये. वरच्या प्रांतांत धरणें झालीं. त्यांत पाण्याबरोबर गाळहि अडला. नव्या गाळाची भर पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी झाल्यामुळें गोदावरी व कृष्णा यांचे मुखप्रदेश खचत आहेत आणि समुद्र कांहीं ठिकाणीं किनारा खात आहे. शेतांच्या शेजारीं खाऱ्या पाण्याचीं कोळंबीचीं तळीं झालीं. त्यांच्या झिरप्यानें भातजमिनी बिघडूं लागल्या. अखेर ११ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयास यांत हात घालावा लागला. २०११ मध्यें गोदावरीच्या मुखांतील कोनसीमेच्या शेतकऱ्यांनीं, निचऱ्याचे चर तुंबलेले, मजुरी वाढलेली व भाताचा भाव पडलेला म्हणून, खरीपाचें पीकच न घेण्याचें ठरविलें. देशांतील उत्तम भातजमीन एक हंगाम पडीक राहिली.

या गोष्टींत आपणहि वांटेकरी आहों. कृष्णेच्या पाण्याची वांटणी १९७६ च्या अंतिम निवाड्यानें झाली. कोयनेचें ६७.५ अब्ज घनफूट पाणी दरवर्षीं विजेसाठीं पश्चिमेकडे वळविण्याची मुभा त्यांत आहे. हें पाणी वीज करून वाशिष्ठीच्या खोऱ्यांत उतरतें आणि त्यांतील फार मोठा भाग न वापरतां दाभोळच्या खाडीस जातो. जें पाणी पूर्वेच्या शेतकऱ्यास मिळालें असतें तें पश्चिमेकडे आलें, पण पश्चिमेच्या शेतकऱ्याच्या शेतांत पुरेसें गेलें नाहीं.

काय घ्यावें

या तुलनेवरून चार गोष्टी आमच्या शेतकरी बंधूंपुढें ठेवाव्याशा वाटतात.

पहिली, पावसाच्या आंकड्यावर समाधान मानूं नये. थांबलेलें पाणी तेंच आपलें. कोंकणांत मोठ्या धरणांची वाट न पाहतां पाऊस संपतांच ओढ्यांवर दगड-मातीचे कच्चे बंधारे घालावे, जांभ्यांतील शेततळ्यांस अस्तर करावें, आणि भातानंतर वाल, कुळीथ किंवा भाजीपाला यांचें दुसरें पीक धरावें.

दुसरी, सामाईक बांधाची दुरुस्ती सामाईकच राहिली पाहिजे. खारबांध असो वा तळ्याची पाळ असो, दरसाल ठरल्या दिवशीं प्रत्येक घरानें आपला वांटा उचलावा. सरकारची मदत अवश्य घ्यावी; परंतु रात्रीं उधाणांत उघाडी पाहण्यास गांवचाच मनुष्य जातो.

तिसरी, एकाच झाडावर संसार टांगूं नये. बागेच्या समुद्राकडील बाजूस सुरूचा वा अन्य दणकट झाडांचा आडोसा करावा, मिश्र लागवड ठेवावी आणि वादळाची सूचना आली कीं ती खोटी ठरेल या भरंवशावर बसूं नये.

चौथी देशावरील बागाइतदारांसाठीं. पाटाचें पाणी घेण्याइतकेंच तें बाहेर काढणें महत्त्वाचें आहे. कोनसीमेंत चर तुंबले व भात बुडालें. कृष्णाकांठीं सांगली-कोल्हापुराकडे अति पाण्यानें उंसाची जमीन खारवट व चिबड झाली. रोग एकच आहे. शेताच्या खालच्या अंगास निचऱ्याचा चर खोदून तो शेजाऱ्याच्या चरास जोडून द्यावा. हें काम एकट्याचें नव्हे, म्हणून तें गांवच्या सभेंत ठरवून उन्हाळ्यांतच पुरें करावें.